डोमाजीने सरकारला जेवू घातलं

बुडणाऱ्या धंद्यात सरकारने पैसा घालू नये, असं माझा जावई माझ्याच ओसरीत बसून म्हणाला. माझ्या बायकोची, गिरजाची, तेरवी आटोपली होती, पंगती उठल्या होत्या, आणि अशा वेळी माणसं काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात तसा तो बोलत होता. बँकेत आहे. "ज्याला चालवता येत नाही त्याचं बंद पडू द्यावं," म्हणाला. "मदतीने माणूस लाचार होतो." जावई शेवटी जावई. गिरजा असती तर तिने दोन वाक्यांत त्याची बोलती बंद केली असती, कारण तिने डोमाजी पाहिला होता. आता ती नाही, म्हणून मलाच बोललं पाहिजे. चौथी शिकलेल्या माणसाला जमेल तसं लिहितो.

डोमाजी आमचा टिमकी मोहल्ल्यातला शेजारी. भिंतीला भिंत. आमच्यासारखाच विणकर, हातमागावर लुगडी विणणारा. उंच माणसाने खड्ड्याच्या मागावर बसू नये. डोमाजी चांगला उंच होता आणि जन्मभर पाय खड्ड्यात सोडून बसला, त्यामुळे उभा राहिला तरी अर्धा बसल्यासारखा दिसायचा. धोटा फेकून फेकून उजवा खांदा वर चढलेला. डोकं बोडकं. टोपी त्याच्याकडे एकच होती आणि ती फक्त सरकारी कचेरीत जायच्या दिवशी बाहेर निघायची. डोमाजीच्या डोक्यावर टोपी दिसली की गल्ली समजून जायची की आज कोण्या साहेबाचं डोकं खाल्लं जाणार.

त्याचे कान मी दुसऱ्या कोणाकडे पाहिले नाहीत. त्या दिवसांत सकाळी आमच्या गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी मागांची ठकठक चालू असायची. बाहेरच्या माणसाला तो सगळा एकच आवाज. डोमाजी त्यातून दात घासत चालायचा आणि मधेच एखाद्या दारासमोर थांबून ओरडायचा, "नत्थू, तुह्या मागाची दोरी ढिली झाली गा!" नत्थू आतून शिवी द्यायचा आणि मग मुकाट्याने दोरी ताणायचा, कारण ती खरंच ढिली झालेली असायची.

नाक तर त्याहून तिखट. विणायच्या आधी सुताला भाताची खळ लावतात, म्हणजे सूत ताठ राहतं. डोमाजी लुगडं नाकाला लावून सांगायचा, खळ शिळी होती की ताजी, आणि कोणाच्या घरची. आमच्या विणकरांच्या सोसायटीचा तो चेअरमन होता. सोसायटी आम्हाला सूत द्यायची आणि आमची लुगडी घ्यायची. तपासायचं काम डोमाजीचं. एकदा त्याने स्वतःचंच लुगडं नापास केलं. पदराजवळ तीन धागे सुटले होते. लोक म्हणाले, "जाऊ दे गा डोमाजी, तीन धाग्यानं काय होते?" त्याने ते घरी नेऊन बायकोला नेसवलं आणि वर्षभर, ती बाहेर निघाली की त्याला स्वतःलाच राग यायचा.

रडगाणं त्याला सहन होत नसे. कोणी गाऱ्हाणं सुरू केलं की तो अर्ध्यात तोडायचा. "पुढचं बोल." नत्थूची सासू मेली, नत्थू सांगायला आला, रडू लागला. डोमाजीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बरं, पुढचं बोल. लाकडं किती लागतील?" लोकांना राग यायचा. पण लाकडं, गाडी, पंगतीचा तांदूळ, सगळं डोमाजीच आणायचा.

मग ती वाईट सालं आली. पाऊस दोन वर्षं धड पडला नाही. आमची लुगडी कुही, उमरेडकडच्या धानाच्या गावांत खपायची. धान नाही तर लुगडं कोण घेणार? जी घेत होती ती यंत्रमागाचं स्वस्त कापड घेऊ लागली. सूत मात्र महाग होत गेलं. सोसायटीच्या गोदामात लुगड्यांचे गठ्ठे वाशांना टेकेपर्यंत लागले. कसर लागू नये म्हणून बाया त्यात कडुनिंबाचा पाला घालायच्या. माल विकला जात नाही म्हणून सोसायटी सूत आणू शकत नाही, आणि सूत नाही म्हणून माग बंद. गल्लीतला एकेक आवाज बंद होऊ लागला. सकाळी डोमाजी चालायचा, पण दारासमोर थांबायला कारण राहिलं नव्हतं.

शंकर नावाचा एक विणकर होता. त्याने आपला माग मोडला, लाकडं बैलगाडीवर चढवली आणि जळाऊ म्हणून विकायला निघाला. डोमाजीला कळलं. तो धावत आला आणि गाडीवर चढून त्या लाकडांवर जाऊन बसला.

"उतर गा," शंकर म्हणाला.

"नाही उतरत. यायच्यासंगं मलेही विक."

"तुले कोण घेते बे? तुह्यात लाकूडबी नाही राहिलं, निसते हाडं आहे."

गल्ली हसली. डोमाजीही हसला, पण उतरला नाही. बैल ऊन खात उभे. शेवटी शंकर रडकुंडीला आला. "घरी चूल पेटून नाही राहिली, डोमाजी. माग ठेवून काय पूजा करू?"

"चार महिने थांब. सरकार येईल. मी आणतो सरकारले टिमकीत. नाही आणलं तं माह्या मागाचीही लाकडं तू ने."

हे त्याने भर गल्लीत, पन्नास माणसांसमोर म्हटलं. तेव्हापासून त्याचा शब्द आणि आमचे माग एका दोरीला बांधले गेले. लोक माग मोडायचे थांबले. पोटाला चिमटा घेऊन बसले, ते डोमाजीच्या भरवशावर.

टोपी रोज डोक्यावर चढू लागली. टिमकी ते कचेरी, पायी जाणं, पायी येणं. आणि सरकारने खरंच एक गोष्ट काढली. ज्या विणकर सोसायट्या अडचणीत आहेत त्यांचा पडून राहिलेला माल सरकार स्वतः विकत घेणार, आणि माग सुरू व्हावे म्हणून नवीन सूतही देणार. अट एकच. आधी साहेब येऊन पाहणी करणार आणि सोसायटी खरोखर अडचणीत आहे असं लिहून देणार.

पत्र आलं त्या दिवशी डोमाजी नाचायचा बाकी राहिला. आणि इथेच त्याने ती चूक केली. ती चूक आमच्या गल्लीतच होऊ शकते.

त्याने सगळ्यांना चौकात जमा केलं. "सायब येऊन राहिले. पोरगी पाहाले लोकं येते तं आपण तिले फाटकं नेसवतो काय? टिमकीची इज्जत आहे. एकही माग बंद दिसला नाही पाहिजे."

सोसायटीत जे काही शेवटचं सूत शिल्लक होतं ते त्याने घराघरांत वाटलं. कोणाला मूठभर, कोणाला दोन मुठी. शंकरचा माग पुन्हा जोडून दिला. गल्ल्या झाडल्या, शेणाने सारवल्या, रांगोळ्या घातल्या. बायांना सांगितलं, ठेवणीतलं नेसा. जेवणाला मटण ठरलं. आमच्याकडचं मटण म्हणजे काळा मसाला, वर बोटभर तर्री. त्या मटणासाठी कोणी काय गहाण टाकलं हे मी लिहीत नाही.

गिरजा चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. डोमाजी आमच्याकडे सूत द्यायला आला तेव्हा तिने चरखा थांबवला.

"भाऊजी, एक विचारू? सायब काय पाहाले येऊन राहिले?"

"आपली सोसायटी."

"दुखणं पाहाले येऊन राहिले ना? मंग डॉक्टर येते तेव्हा कोणी पावडर-कुंकू लावून बसते काय? खाटेवर निजून राहते."

"गिरजाबाई, सरकार म्हणजे पाहुणा वं. पाहुण्यापुढं रडाचं नाही."

"रडू नोका. पण हसूही नोका ना."

"तुले नाही समजत थ्यातलं," म्हणून तो निघून गेला. मीही गिरजाला म्हटलं, उगा राय, चेअरमनला जास्त समजते. आज मला ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

साहेब आले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, धरमपेठेत राहायचे, तरुण होते, चष्मा, बोलायला मऊ. टिमकीत शिरले आणि दोन्ही बाजूंनी ठकठक, ठकठक. गल्लीत रंगीत सुताचे ताणे पसरलेले. बाया ठेवणीतल्या लुगड्यांत. साहेब एका दारातून दुसऱ्या दारात जात होते आणि वा वा करत होते. गोदाम पाहिलं. डोमाजीने गठ्ठे असे काही नीट लावले होते, किनारीवर किनार, की ते पडून राहिलेला माल वाटेचना, दिवाळीच्या दुकानासारखं दिसत होतं.

मग जेवण. साहेबांनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चष्मा काढून पुसायचे आणि परत खायचे. माझ्या बाजूला नत्थू बसला होता. तो कानात म्हणाला, "पाय गा, सायबाले आपली दया आली." ती तर्री होती. निघताना साहेबांनी डोमाजीचे दोन्ही हात धरले. "अशी संस्था मी पाहिली नाही." डोमाजीचा वर चढलेला खांदा त्या दिवशी आणखी वर गेला.

महिन्याभराने कागद आला. सोसायटीच्या कारकुनाने तो मोठ्याने वाचला. संस्था सुस्थितीत आहे, सर्व माग चालू आहेत, सभासद समाधानी आहेत, सबब मदतीची आवश्यकता दिसत नाही.

मग शंकर म्हणाला, "खाऊ घाल अजून मटण." आणि मग सगळेच तुटून पडले. कोणी म्हणालं, सायबाले पान काहून नाही देल्लं. कोणी म्हणालं, आता तुह्या मागाची लाकडं काढ, आम्ही न्याले येतो. डोमाजी ऐकत उभा होता. त्या दिवशी त्याने कोणालाही "पुढचं बोल" म्हटलं नाही.

तिथून तो सरळ आमच्याकडे आला. गिरजा ओसरीत तांदूळ निवडत होती. थोडेच होते, पण ती एकेक दाणा निवडत बसली होती.

"गिरजाबाई, तू म्हटलं थेच खरं झालं."

तिला टोमणा मारता आला असता. तिच्याकडे टोमण्यांची कमी नव्हती, मला विचारा. ती फक्त म्हणाली, "मंग आता जा अन् खरं सांगा."

"आता कोण्या तोंडानं जाऊ?"

"ज्या तोंडानं खोटं दाखवलं, थ्याच तोंडानं. दुसरं तोंड कुठून आणता?"

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन निघाला. टोपी घातली नव्हती. मी म्हटलं, टोपी राहिली गा. म्हणाला, "टोपीनंच घात केला." टिमकीहून धरमपेठेपर्यंत आम्ही चालत गेलो. साहेब घरी होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. डोमाजी बसला नाही.

"सायब, मी तुमाले फसवलं."

साहेबांना समजेना. डोमाजीने सगळं सांगितलं. एका सकाळपुरतं वाटलेलं सूत, जोडलेला माग, ठेवणीतली लुगडी, मटण. साहेब चष्मा काढून ऐकत राहिले.

"लोक आम्हाला फसवतात ते गरिबी दाखवून," ते म्हणाले. "घरात धान्य असतं आणि रिकामे डबे दाखवतात. तुम्ही उलटं केलंत?"

"हाव सायब. आमच्याकडं पाहुण्याले उपाशी घर नाही दाखवत."

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "माझा अहवाल वर गेला आहे. आता मी तो बदलला तर मला विचारतील, तेव्हा तुमचे डोळे कुठे होते?"

"तं लिहा का चेअरमननं खोटं दाखवलं. माह्यं नाव लिहा."

"नियम माहीत आहे का? पाहणीत खोटं दाखवणारा माणूस पदावर राहू शकत नाही. परत निवडूनही येता येणार नाही."

"लिहा."

"विचार करा, डोमाजी."

"विचार कराले मी टिमकीहून पायी आलो, सायब. झाला करून. कागद द्या."

आणि त्याने लिहून दिलं. अक्षर मोठं, वाकडं, एकेक अक्षर कोरल्यासारखं. मी खोटे दाखविले, सभासदांचा दोष नाही. खाली सही. मी शेजारी उभा होतो. लोक म्हणतात मदतीने माणूस लाचार होतो. मी एका माणसाला मदत मागताना पाहिलं आहे आणि तितका ताठ उभा राहिलेला माणूस मी नंतर पाहिला नाही.

साहेब परत आले ते न सांगता, भर दुपारी. या वेळी त्यांनी गल्ली ऐकली. ऐकायला काही नव्हतं. आमच्या घरी आले तेव्हा गिरजाने त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि रिकामा चरखा दाखवला. "मागच्या टायमाले मटण खाल्लं ना, सायब? थ्याच्यानंतर आम्ही नाही खाल्लं." साहेबांनी ते वाक्य अहवालात घातलं होतं की नाही मला माहीत नाही. पण दिवाळीच्या आत टिमकीच्या तोंडाशी ट्रक लागला आणि गोदाम रिकामं झालं. सूत आलं. शंकरच्या मागाचा आवाज मी माझ्या घरात बसून ऐकला. सरकारने आमचा माल घेतला नसता तर आज टिमकीत एक विणकर सांगायला उरला नसता. हे मी ठासून सांगतो, आणि जावयाला वाचता यावं म्हणून लिहूनही ठेवतो.

चेअरमन दुसरा झाला. डोमाजी परत आपल्या खड्ड्यात बसला. पण स्वभाव कुठे जातो? सरकार माल घेतंच आहे म्हटल्यावर काही जणांनी विरळ विणायला सुरुवात केली. डोमाजी माल द्यायच्या दिवशी गोदामाच्या दारात जाऊन उभा राहायचा, लुगडं ओढून घ्यायचा, हुंगायचा आणि फेकायचा. नवीन चेअरमन चिडला. "तू कोण गा आता?"

"मी कोणी नाही. पण थे नेसणारी बाई तं कोणी आहे ना?"

मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "सरकारचा पैसा म्हणजे खळ आहे, लेको. सुताले लावली तं सूत उभं राहते. सूतच विरळ असंल तं खळीनं काय होते? एका धुण्यात चिंध्या." पद नसलेल्या माणसाने नापास केलेली लुगडी लोक मुकाट्याने घरी घेऊन जायचे. का, ते मला सांगता येत नाही.

पुढे बरीच वर्षं चांगली गेली. ऐंशी सालाच्या पुढे पुन्हा तेच झालं, गोदाम भरलं, माग थांबले. पुन्हा पाहणी ठरली. साहेब नवीन, आणखी तरुण. चेअरमन नवीन, आणि तोही रांगोळीचं काहीतरी बोलू लागला होता. लोकांनी त्याला बाजूला केलं आणि डोमाजीला बोलावलं. त्याची बायको तोवर गेली होती. डोळे अधू, पाठ पार वाकलेली. त्या वेळीही मदत आली, आणि त्यानंतर दोनेक महिन्यांत डोमाजी मुलीकडे कुहीला गेला आणि तिथेच वारला. माझ्या डोळ्यांसमोर मात्र राहिला तो पाहणीच्या त्या दिवशीचा डोमाजी.

तो साहेबाच्या पुढे चालत होता, भिंतीला हात लावत. प्रत्येक दारासमोर थांबायचा आणि जसं असेल तसं सांगायचा.

"हा नत्थू. माग बंद. पोरगा काटोलले संत्र्याच्या पेट्या ठोकाले गेला. हा शंकर. बंद. इथं एक माग चालते, सूत उसनं आहे, हप्ताभर पुरंल."

लोक दारात उभे होते. कोणी खाली पाहत नव्हतं. मग डोमाजी स्वतःच्या दारासमोर आला. मला वाटलं तो ते दार ओलांडून पुढे जाईल.

तो थांबला. "हा मी, डोमाजी. माग बंद. घरी दोन दिवसाचे तांदूळ आहे. लिहा, सायब." आवाज जसा नत्थूसाठी होता तसाच होता.

साहेबाने लिहिलं. डोमाजी भिंत चाचपत आमच्या दाराशी आला आणि त्याने कडी वाजवली.

"गिरजाबाई, सायब आले वं. दार उघड."

आणि गिरजाने दोन्ही कवाडं उघडली.